‘कोण आहे?’ : इंटरनेटच्या उघड्या पत्तावहीची कहाणी

१/
मे २०१८ पर्यंत जगातील कोणालाही एक साधी गोष्ट करता येत असे. संगणकावर ‘हूइज’ ही आज्ञा टंकायची, तिच्यापुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहायचे आणि कळ दाबायची. ते नाव ज्याने घेतले असेल त्याचे नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल, बहुतेक वेळा सारे काही क्षणार्धात पडद्यावर येत असे. विचारणारा कोण आणि त्याला ही माहिती कशासाठी हवी, हे यंत्र कधीच विचारत नसे. हा रिवाज कोणी व कोणासाठी सुरू केला आणि तो मोडायला ३६ वर्षे का लागली, त्याचा हा इतिहास. 🧵

२/
अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून १९६९ मध्ये अर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले. आरंभी त्यात चारच ठिकाणे होती: लॉस एंजेलिस व सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा, युटा विद्यापीठ आणि मेन्लो पार्कची स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट. माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांची प्रयोगशाळा या शेवटच्या संस्थेत होती. जाळ्याची माहिती सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले आणि तेथे ‘नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर’, म्हणजे एनआयसी, उभे राहिले. (दिल्लीच्या ‘एनआयसी’शी त्याचे काही नाते नाही. आद्याक्षरे तेवढी सारखी.)

३/
१९७२ मध्ये या कामात एलिझाबेथ फाइनलर आल्या. सारे त्यांना ‘जेक’ म्हणत. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे आणि पूर्वानुभव रासायनिक संशोधनाच्या सूची करण्याचा. त्याच वर्षी अर्पानेटचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक व्हायचे होते. त्यासाठी कोणत्या ठिकाणी कोणते यंत्र आहे, त्यावर काय करता येते आणि विचारायचे झाल्यास कोणाला विचारावे, याची पुस्तिका हवी होती. ती फाइनलर यांनी सिद्ध केली. पुढे १९८९ पर्यंत या केंद्राची धुरा त्यांच्याकडेच राहिली.

४/
आज विश्वास बसणार नाही, परंतु त्या काळी जाळ्यावर नवा संगणक जोडायचा तर त्याचे नाव नोंदवण्यासाठी कचेरीच्या वेळेत मेन्लो पार्कला दूरध्वनी करावा लागे. फाइनलर यांच्या कार्यालयातील माणसे ते नाव एका फाइलीत चढवत आणि त्या एका फाइलीच्या प्रती साऱ्या जाळ्यावरचे संगणक उतरवून घेत. याच कार्यालयातून अर्पानेटची छापील पत्तावहीही निघे. जाळे वापरणाऱ्यांची नावे, पत्ते, दूरध्वनी आणि संगणकावरील टपालपेट्या, सारे तीत एकत्र असे.

५/
अशी पत्तावही वाईट हाती पडली तर काय होईल, याचा पहिला धडा मे १९७८ मध्येच मिळाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी नव्या यंत्रांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. पत्ते आले कोठून? छापील पत्तावहीतून. एक सहकारी बसून ते हाताने टंकत गेला. आज ‘स्पॅम’ म्हणून जे ओळखले जाते, त्याचा हा पूर्वज मानला जातो.

६/
त्यावर उपाय काय झाला, हे पाहण्याजोगे आहे. ना कायदा, ना कुलूप. जाळ्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने हा अर्पानेटच्या नियमांचा उघड भंग असल्याची कडक समज दिली. प्रकरण तेथे मिटले. पत्तावही होती तशीच राहिली. माणसे मोजकी होती आणि प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेला बांधलेला होता. अशा गावात चार लोकांत शब्द लागणे हीच पुरेशी शिक्षा असते.

७/
छापील वही छापून होईपर्यंत शिळी होई. म्हणून ती संगणकावर आली. १९७७ च्या डिसेंबरमध्ये केन हॅरेन्स्टीन यांनी ‘नेम/फिंगर’ या सेवेचे टिपण लिहिले आणि १ मार्च १९८२ रोजी व्हिक व्हाइट यांच्यासह दुसरे. त्याचे नाव ‘निकनेम/हूइज’ आणि क्रमांक ८१२. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित टिपणांतून ठरत गेले, त्यांपैकी हे एक. (हॅरेन्स्टीन स्वतः कर्णबधिर. पुढे गूगलमध्ये असताना २००९ साली त्यांनी युट्यूबच्या चित्रफितींखाली आपोआप उमटणारी शब्दपट्टी आणली. ती आज घरोघरी वापरली जाते, त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.)

८/
हूइजची रचना इतकी साधी होती की तिला यंत्रणा म्हणावे की नाही, असा प्रश्न पडावा. एनआयसीच्या संगणकाच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टशी, म्हणजे ठरवून दिलेल्या एका दाराशी, जोडणी करायची. एक ओळ पाठवायची. साध्या मजकुरात उत्तर यायचे आणि दार मिटायचे. संकेतशब्द नाही, विचारणाऱ्याची ओळख नाही, कोणाला काय दाखवावे याचा विचार नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीवर निदान ‘आपले काम काय?’ एवढे तरी विचारतात. येथे तेवढेही नव्हते.

९/
त्या टिपणात आणखी एक गोष्ट होती आणि पुढच्या साऱ्या वादाचे बीज तीत आहे. अमेरिकेच्या डिफेन्स कम्युनिकेशन्स एजन्सीने अशी विनंती केली होती की, अर्पानेटवर संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने एनआयसीकडे आपले नाव, पत्ता, दूरध्वनी व टपालपेटी नोंदवावी. मूळ भाव विनंतीचाच. जाळे सरकारी पैशावर चालते, मग ते कोण वापरते हे ठाऊक असावे, इतकाच हेतू. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. वाटावे तरी का? त्या वेळी मुंबई-पुण्याच्या घरांतही दूरध्वनीशेजारी जाडजूड डिरेक्टरी असे आणि तीत आपले नाव छापून आल्याचे लोकांना अप्रूप वाटे.

१०/
१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांच्या नव्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. एका फाइलीची जागा उतरंडीने घेतली. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हूइजचे टिपण सुधारून पुन्हा निघाले. त्यावर हॅरेन्स्टीन व मेरी स्टाल यांच्याबरोबर फाइनलर यांचेही नाव आहे. माणसांची पत्तावही आता नावांचीही झाली. प्रत्येक डोमेनमागे एक प्रशासकीय माणूस आणि एक तांत्रिक माणूस असावा, ही चाल याच काळात रूढ झाली.

११/
तांत्रिक माणूस कशासाठी? रात्री दोन वाजता तुमचे यंत्र पिसाळले आणि साऱ्या जाळ्यावर कचरा ओतू लागले, तर कोणाला उठवायचे, यासाठी. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा ‘वर्म’ सुटला. हजारो यंत्रे गुदमरली आणि अनेक ठिकाणी ईमेलच बंद पडले. तेव्हा उपयोगी पडली ती माणसांची परस्पर ओळख आणि दूरध्वनी. एमआयटीतील ज्यांनी तो वर्म उकलला, त्यांनीही नंतर या जुन्या ओळखींच्या जाळ्याचे महत्त्व नोंदवून ठेवले. उघड्या पत्तावहीच्या बाजूने याहून भक्कम युक्तिवाद नाही.

१२/
आणि मग गावाचे शहर झाले. ऑक्टोबर १९९१ मध्ये केंद्राचे काम स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडून गेले. १९९३ पासून नावनोंदणी ‘नेटवर्क सोल्युशन्स’ या कंपनीकडे आली. सप्टेंबर १९९५ मध्ये नोंदणीला पैसे पडू लागले: दोन वर्षांना १०० डॉलर. नाव घेणारा आता प्राध्यापक किंवा प्रयोगशाळेचा अभियंता उरला नव्हता. फुलांचे दुकान चालवणारी बाई, शाळकरी मुलगा, सरकारवर टीका करणारा लेखक, नवऱ्याच्या मारझोडीतून सुटून दुसऱ्या गावी राहणारी स्त्री, सारे या रांगेत आले. पत्तावहीतील रकाने मात्र तेच राहिले.

१३/
१९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी नावे विकण्याचे काम अनेक कंपन्यांत वाटले गेले. त्यांच्याशी झालेल्या करारात एक कलम होते: नोंदणीदाराचे नाव व पत्ता जनतेला विनामूल्य पाहता आले पाहिजेत. इतिहासाच्या दृष्टीने कळीचा क्षण हाच. १९८२ ची विनंती १९९९ मध्ये करार झाली. मूठभर संशोधकांसाठी घातलेली चाल साऱ्या जगाला तशीच्या तशी लागू केली गेली. रूढी अशाच टिकतात. त्या कोणी निवडत नाही, फक्त कोणी काढून टाकत नाही.

१४/
परिणाम लगेच दिसले. न्यू यॉर्कच्या ‘रजिस्टर डॉट कॉम’कडे जे नवे ग्राहक नावे नोंदवत, त्यांना काही दिवसांतच ‘व्हेरिओ’ या दुसऱ्या कंपनीचे दूरध्वनी आणि ईमेल येऊ लागले. व्हेरिओने एक स्वयंचलित प्रोग्राम बसवला होता. तो रोज नव्या नावांची यादी घेई, प्रत्येकाची हूइज नोंद उपसून काढी आणि ती विक्रेत्यांच्या हाती देई. २००० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, व्हेरिओवर मनाई आली आणि २००४ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. १९७८ मध्ये जे एका खरमरीत पत्राने भागले, त्याला आता साडेतीन वर्षांचा खटला लागला.

१५/
सामान्य माणसाने आपल्यापुरता मार्ग काढला: तो खोटे लिहू लागला. आयकॅनसाठी शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने १४०० हून अधिक नोंदी तपासल्या. २०१० च्या त्या अहवालानुसार कठोर कसोटीला पूर्ण उतरणाऱ्या नोंदी चौथा हिस्साही नव्हत्या. सारीच लबाडी नव्हे. जुने पत्ते, चुकीची स्पेलिंगे, अर्धवट रकाने यांचाही त्यात वाटा होता. परंतु घराचा पत्ता जगाला दाखवण्याची सक्ती केली, तर माणूस घराचा पत्ता देत नाही, यात नवल ते काय?

१६/
ज्यांना खोटे लिहायचे नव्हते, त्यांच्यासाठी बाजार उभा राहिला. २००२ च्या सुमारास ‘प्रॉक्सी’ सेवा आल्या. वर्षाला काही डॉलर भरा, हूइजमध्ये तुमच्या जागी कंपनीचे नाव दिसेल. म्हणजे आधी तुमची माहिती सक्तीने उघडी करायची आणि मग ती झाकण्याचे पैसे घ्यायचे. ठगांनाही ही सोय तितक्याच दरात मिळाली. तेव्हा उघडी पत्तावही प्रामाणिकांना उघडे पाडते आणि लबाडांना सापडू देत नाही, ही तक्रार अगदीच निराधार नव्हती.

१७/
दुसरी बाजूही तितकीच खरी होती. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन लोकांना फसवणारी टोळी एकच दूरध्वनी क्रमांक पन्नास नोंदींत वापरत असे आणि त्या एका धाग्यावरून सुरक्षा संशोधक उरलेली ४९ नावे शोधत. पत्ता खोटा असला तरी एकच खोटे पुन्हा पुन्हा वापरण्याचा आळस गुन्हेगारांना नडे. पोलीस, पत्रकार आणि व्यापारचिन्हांचे वकील हूइजसाठी भांडत होते ते याचसाठी. दोन्ही पक्षांत सज्जन होते. म्हणूनच हा वाद वीस वर्षे चालला.

१८/
भारताचा धागा येथे मुंबईतून येतो. ‘डॉट इन’ हे देशनाम मे १९८९ मध्ये सुपूर्त झाले आणि त्याची नोंदवही जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत सांभाळली जाई. श्रीनिवासन रमाणी हे या संस्थेचे संस्थापक संचालक. नियम इतके आवळलेले होते की २००४ पर्यंत जेमतेम ७००० नावे दिली गेली. जानेवारी २००५ मध्ये सूत्रे ‘निक्सी’कडे गेली, नियम सैल झाले आणि नावे झपाट्याने वाढली. एक गोष्ट मात्र भारताने वेगळी ठेवली: डॉट इन नावांना प्रॉक्सीचा बुरखा चालत नाही.

१९/
आणखी एक उणीव मराठी माणसाच्या सहज लक्षात यावी. हूइज जन्मले ते इंग्रजी अक्षरांत. सप्टेंबर २००४ मध्ये लेस्ली डेगल यांनी त्याचे टिपण नव्याने लिहिले, तेव्हा त्यातच कबुली दिली की मजकूर कोणत्या लिपीच्या संकेतांत आहे हे सांगण्याची सोयच या पद्धतीत नाही आणि सुरक्षेचीही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी ‘डॉट भारत’ सुरू झाले. मराठी व कोकणीसह आठ भाषांना ते खुले झाले. नाव देवनागरीत घेता येऊ लागले, पण नाव घेणारा कोण हे सांगणारी वही देवनागरीसाठी कधी आखलीच गेली नव्हती. २०१५ मध्ये ‘आरडॅप’ ही नवी पद्धत ठरली. ती सर्व लिप्या जाणते आणि कोणाला किती दाखवायचे, हा भेदही तिला करता येतो. तरी दहा वर्षे जुने आणि नवे शेजारी शेजारी चालत राहिले.

२०/
युरोपातील विदा-संरक्षण अधिकाऱ्यांनी हूइजवर लेखी आक्षेप नोंदवला तो २००३ मध्ये. पंधरा वर्षे त्यावर समित्या बसल्या, अहवाल झाले. २५ मे २०१८ रोजी युरोपीय संघाचा जीडीपीआर कायदा अमलात येणार, हे दोन वर्षे आधीपासून ठरलेले होते. आयकॅनने तात्पुरती नियमावली मंजूर केली ती १७ मे रोजी, अवघे आठ दिवस आधी. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडण्याची सवय केवळ विद्यार्थ्यांनाच असते असे नाही.

२१/
२५ मे रोजीच आयकॅनने जर्मनीत बॉनच्या न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी ‘एपाग’ ही नावे विकणारी कंपनी. तिने म्हटले होते की, नाव घेणाऱ्याची माहिती आम्ही ठेवू, पण प्रशासकीय आणि तांत्रिक संपर्काची वेगळी माहिती यापुढे गोळाच करणार नाही. न्यायालयाने काही दिवसांत आयकॅनची मागणी फेटाळली. कारण साधे होते: आजवर तिन्ही रकान्यांत एकच नाव लिहिले तरी चालत होते, मग ते वेगळे घेणे अपरिहार्य कसे?

२२/
या निकालातील विरोधाभास थांबून पाहण्यासारखा आहे. पत्तावहीचा मूळ जीव तो तांत्रिक माणूसच होता. रात्री दोन वाजता ज्याला उठवायचे, तो. वापरणाऱ्यांनी तीस वर्षांत तो रकाना इतका निर्जीव करून टाकला की, त्याच्या गरजेचा पुरावाच न्यायालयापुढे उरला नाही. कायद्याने वही बंद केली असे म्हणतात. खरे तर तिचा हेतू लोक फार आधी विसरले होते.

२३/
त्या आठवड्यापासून बहुतेक नोंदींत नाव, पत्ता, दूरध्वनी यांच्या जागी ‘गोपनीयतेस्तव वगळले’ अशा अर्थाचा एकच शेरा दिसू लागला. अनेक कंपन्यांनी युरोपीय कोण आणि इतर कोण हे चाळत बसण्याऐवजी साऱ्या जगासाठीच पडदा ओढला. त्यामुळे जो कायदा पुणेकराला लागूच नव्हता, त्याने पुणेकराचाही पत्ता झाकला. माहिती हवी असल्यास कारण सांगून अर्ज करायचा, त्यासाठीची सामाईक खिडकी आयकॅनने नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडली. ‘आपले काम काय?’ हा प्रश्न अखेर विचारला जाऊ लागला.

२४/
शेवटचा धक्का वेगळ्याच बाजूने आला. ‘डॉट मोबी’ नावांची हूइज सेवा पूर्वी ज्या पत्त्यावर होती, तो पत्ता बदलला. जुन्या पत्त्याच्या डोमेनचे नूतनीकरण कोणी केले नाही आणि ते मोकळे झाले. २०२४ मध्ये ‘वॉचटॉवर’ या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी ते २० डॉलरला विकत घेतले व तेथे स्वतःचा सर्व्हर मांडला. काही दिवसांत १,३५,००० हून अधिक यंत्रांनी त्यांना सुमारे २५ लाख वेळा प्रश्न विचारले. त्यांत सरकारी आणि लष्करी यंत्रेही होती.

२५/
गांभीर्य पुढे आहे. सुरक्षित संकेतस्थळाला जे डिजिटल प्रमाणपत्र लागते, ते देणाऱ्या काही संस्था मालकाचा ईमेल हूइजमधूनच घेत. उत्तर देणारा सर्व्हर तोतया असेल तर तो स्वतःचाच ईमेल सांगेल आणि दुसऱ्याच्या नावाचे प्रमाणपत्र मिळवू शकेल. संशोधकांनी हे शक्य असल्याचे दाखवले, प्रत्यक्ष गैरवापर केला नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने लवकरच हा मार्ग बंद करण्याचा ठराव केला. ‘मालक कोण?’ हे सांगणाऱ्या वहीचाच मालक बदलला होता आणि ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

२६/
२८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांच्या नोंदवह्यांवरील हूइज चालवण्याचे बंधन आयकॅनने काढले आणि त्या जागी आरडॅप आले. टिपणाची तारीख १ मार्च १९८२ धरली, तर ४३ क्रमांकाच्या पोर्टला ४३ वर्षे पुरी होण्यास महिनाभर कमी पडला. अनेक देशनामांच्या नोंदवह्या ते दार अजून उघडे ठेवून आहेत.

२७/
फाइनलर यांनी एनआयसीची कागदपत्रे पुढे माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमकडे सोपवली. १९७० च्या दशकातील अर्पानेटच्या छापील पत्तावह्या आज स्कॅन होऊन कोणालाही घरबसल्या चाळता येतात. त्यांतील नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापले होते तसेच आहेत. एकही ओळ वगळलेली नाही.